बारा वर्षं उशिरा आलेला गिअरबॉक्स

गेले तीन रविवार आमच्या घरात एकच विषय चालू आहे. मी आणि धाकटा भाऊ मिळून एक मोठी, सात सीटची, लेदर-बिदर असलेली डिझेल एसयूव्ही घेतोय. (दोघांचे हप्ते एकत्र केले की जमतं. एकट्याचं काम नाही ते.) कंपनी ठरली, रंग ठरला, आणि गिअरबॉक्सवर येऊन गाडं अडलं. तीच गाडी मॅन्युअलमध्ये मिळते आणि ऑटोमॅटिकमध्येही मिळते. घरातल्या दोन्ही सुनांचं म्हणणं, "हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाखवा, मग बोला." भाऊ त्यांच्या बाजूने. मी नेहमीप्रमाणे कुंपणावर.

आणि समोरच्या बाजूला एकटे अण्णा.

अण्णा एस.टी.त एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांच्या सुरुवातीच्या गाड्यांना गिअर टाकताना डबल क्लच मारावा लागायचा. खालचा गिअर हवा असेल तर न्यूट्रलला येऊन ॲक्सिलरेटर द्यायचा, मग परत क्लच. हे सगळं वरंध घाटात, पावसात, मागे पन्नास माणसं घेऊन. त्यांचं मत एका वाक्याचं आहे : "गिअर आपल्या हातात नसेल तर गाडी आपल्या हातात नाही."

आता असं काही अडलं की शहाणी माणसं शोरूमला जातात. मी इतिहासात जातो. म्हटलं, ऐषारामी एसयूव्ही आणि गिअरबॉक्स हा पेच पहिल्यांदा कुणाला पडला होता, आणि त्यांनी काय केलं? वाचता वाचता दोन वीकांत गेले, पण जे सापडलं ते इतकं मजेशीर आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ऑटोमॅटिक म्हणजे काहीतरी नवीन, नाजूक, शहरी थेर आहे असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात जनरल मोटर्सने 'हायड्रा-मॅटिक' हा चार गिअरचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९३९ च्या शेवटी आणला, १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी. सुरुवातीला जादा किंमत होती फक्त ५७ डॉलर. तत्त्व साधं आहे. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा, त्याच्या हवेने दुसरा फिरायला लागतो. इथे हवेऐवजी तेल. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लचची प्लेट नाही, तेल आहे. त्यामुळे गाडी गिअरमध्ये असूनही उभी राहू शकते आणि इंजिन बंद पडत नाही. थोड्याच वर्षांत, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि त्यांना जोडलेले दोन हायड्रा-मॅटिक बसवले गेले. म्हणजे ज्याला आपण बाजारात जायचा गिअरबॉक्स म्हणतो, तो त्याआधी रणगाड्यात चिखल तुडवून आलाय! (हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "रणगाड्याला घाटात एस.टी. ओव्हरटेक करायची नसते." यावर काय बोलणार.)

एसयूव्हीकडे येऊ. १९६२ च्या शेवटी अमेरिकेत 'जीप वॅगनिअर' आली. चारही चाकांना ताकद, पण आत बसायला कारसारखी. तिच्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पर्याय म्हणून मिळत होता. फोर-व्हील-ड्राइव्ह आणि ऑटोमॅटिक ही जोडी तिच्यापासून सुरू झाली असं मानतात. १९६६ साली तिची 'सुपर वॅगनिअर' आली : व्ही-८ इंजिन, पॉवर स्टीअरिंग, आणि ऑटोमॅटिक. पर्याय म्हणून नाही, आलेलीच. पुढे १९७३ मध्ये जीपने चारही चाकं कायम चालणारी 'क्वाड्रा-ट्रॅक' आणली, तीसुद्धा सुरुवातीला फक्त ऑटोमॅटिकबरोबर. अमेरिकन लोकांनी या प्रश्नावर फार डोकं लावलंच नाही. पेट्रोल स्वस्त, इंजिनं मोठी, थोडी ताकद तेलात गेली तर गेली.

खरी गंमत आहे ती इंग्लंडात, सॉलिहल गावात, रोव्हर कंपनीत.

१७ जून १९७० ला रोव्हरने 'रेंज रोव्हर' बाजारात आणली. किंमत १,९९८ पौंड. स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड यांचं इंजिनिअरिंग. ॲल्युमिनियमचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, मुळात अमेरिकेच्या ब्यूकने बनवून सोडून दिलेलं आणि रोव्हरने हक्क विकत घेतलेलं. चारही चाकांना डिस्क ब्रेक, कॉइल स्प्रिंग, कायम फोर-व्हील-ड्राइव्ह. आज ऐषारामी एसयूव्ही म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं त्याची आजी म्हणा ना. पण गिअरबॉक्स? चार गिअरचा मॅन्युअल. ऑटोमॅटिक नाहीच. जादा पैसे दिले तरी नाही.

आता हे बघा. हेच इंजिन रोव्हरने आधी आपल्या मोठ्या सलून गाडीत १९६७ साली बसवलं, आणि १९६८ मध्ये '३५००' या मॉडेलमध्ये. त्या दोन्ही गाड्या निघाल्या तेव्हा फक्त ऑटोमॅटिक होत्या! ३५०० ची मॅन्युअल आवृत्ती आली ती १९७१ मध्ये. एकच कंपनी, एकच इंजिन, दोन-तीन वर्षांचं अंतर. सलूनमध्ये मॅन्युअल मिळत नाही आणि रेंज रोव्हरमध्ये ऑटोमॅटिक मिळत नाही.

याला तांत्रिक कारणं होती, आणि ती खरी होती. सलूनसाठी कंपनीकडे जो मॅन्युअल गिअरबॉक्स होता त्याला व्ही-८ चा जोर झेपत नव्हता, म्हणून बाहेरून बोर्ग-वॉर्नरचा ऑटोमॅटिक आणला. रेंज रोव्हरला डोंगर-चिखलातली लो रेंज हवी, पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ताकद वाटणारा डिफरन्शियल हवा. म्हणून गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर बॉक्स एकाच दणकट खोक्यात बसवले. एवढं सगळं जमवताना ऑटोमॅटिकसाठी ना जागा उरली ना पैसा.

पण मला वाटतं याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. ही गाडी कोण चालवणार याचं एक चित्र कंपनीच्या डोक्यात होतं. शेतकरी, इस्टेटीचा मालक, घोड्यांची गाडी ओढणारा. म्हणून आत व्हिनाइलच्या सीट, खाली रबरी मॅट, चिखल झाला तर नळी लावून धुऊन काढा. दारं दोनच. पॉवर स्टीअरिंगसुद्धा नव्हतं, ते १९७३ च्या सुमारास आलं. क्लच जड, गिअरचा आवाज मोठा. शेतकरी काय, चालवेल की!

आमच्या धंद्यात हे रोज होतं. सॉफ्टवेअर कुणासाठी बनवतोय हे मीटिंगमध्ये ठरतं, आणि वापरणारा निघतो भलताच. रेंज रोव्हरचं तेच झालं. लंडनच्या श्रीमंतांनी ती उचलली. व्हिनाइल काढून लेदर बसवून घ्यायला लागले. स्वित्झर्लंडच्या मोंटेव्हेर्दीने १९८० मध्ये तिला चार दारं करून विकली, कंपनीने स्वतः ती १९८१ मध्ये दिली. म्हणजे गिऱ्हाईक काय मागतंय ते बाहेरच्यांना दिसत होतं.

कंपनीला दिसत नव्हतं का? दिसत असणार. पण १९६८ पासून रोव्हर ब्रिटिश लेलँड या अवाढव्य कडबोळ्यात गेली होती, तिथे पैशाची बोंब होती, आणि १९७५ मध्ये तर सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. शिवाय मधल्या काळात मॅन्युअल रेंज रोव्हरने नाव असं कमावलं की ती बदलावी असं वाटणंच कठीण. १९७१-७२ च्या ब्रिटिश मोहिमेत दोन रेंज रोव्हर अलास्कापासून निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत गेल्या. वाटेत पनामा-कोलंबियामधलं डॅरिएनचं जंगल होतं, जिथे रस्ताच नाही. तेवढं जंगल पार करायला सुमारे शंभर दिवस लागले. तिथे मोडले ते डिफरन्शियल. १९७९ च्या पहिल्या पॅरिस-डाकार रॅलीत चारचाकींमध्ये पहिली आली तीही रेंज रोव्हरच. अशा गाडीला कुणी म्हणालं, "क्लच काढून टाका," तर सॉलिहलच्या जुन्या इंजिनिअरांना काय वाटलं असेल याची मला नीट कल्पना आहे. आमच्या घरात त्याचा नमुना आहे.

शेवटी १९७८ मध्ये लँड रोव्हर वेगळी कंपनी झाली, हातात थोडा पैसा आला, आणि १९८२ मध्ये रेंज रोव्हरला ऑटोमॅटिक मिळाला. क्रायस्लरचा तीन गिअरचा 'टॉर्कफ्लाइट'. ब्यूकच्या घराण्यातलं इंजिन आणि क्रायस्लरचा गिअरबॉक्स, दोघंही अमेरिकन, भेटले इंग्लंडात! १९८३ मध्ये पाच गिअरचा मॅन्युअल आला, १९८५ मध्ये जर्मनीच्या झेडएफचा चार गिअरचा ऑटोमॅटिक. १९८७ मध्ये गाडी अमेरिकेत विकायला नेली ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये. १९९४ च्या दुसऱ्या पिढीत मॅन्युअल मिळत होता. २००२ मध्ये बाजारात आलेल्या तिसऱ्या पिढीत तो गेलाच. कुणी निरोप समारंभ केल्याचं वाचनात नाही.

आता अण्णांचा मुद्दा. त्यांचा नियम आहे, ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा. म्हणजे इंजिनच गाडीला अडवतं आणि ब्रेक तापत नाहीत. हे शंभर टक्के बरोबर आहे. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये तेलाच्या जोडणीमुळे ही पकड मॅन्युअलपेक्षा ढिली असायची. पण चढावर उलटं. थांबलेली गाडी चढावर उचलताना आपण हाफ क्लच धरतो, प्लेट जळते, वास येतो. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर त्याच क्षणी इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट करून चाकांना देतो. आणि वाळूत किंवा चिखलात गिअर बदलताना क्लच दाबला की त्या अर्ध्या सेकंदात गाडी रुतते. ऑटोमॅटिकमध्ये ताकद तुटत नाही. म्हणजे जिथे मॅन्युअल मर्दानी समजला जातो, त्या चिखलातच ऑटोमॅटिक सरस. सगळी दुनिया उलटी!

उताराचं कोडं नंतर सुटलं. १९९७ च्या लँड रोव्हर फ्रीलँडरमध्ये 'हिल डिसेंट कंट्रोल' आला. गाडी स्वतःच एकेका चाकाचा ब्रेक धरत-सोडत उतरते. आणि ती फ्रीलँडर तेव्हा मॅन्युअल होती! लो रेंज नसल्यामुळे तिला ही युक्ती लागली. मॅन्युअलची उणीव झाकायला काढलेल्या युक्तीने पुढे ऑटोमॅटिकची उरलीसुरली अडचणही दूर केली. राहिला ॲव्हरेजचा प्रश्न. तेलातली गळती थांबवायला वेग आल्यावर जोडणी कुलूपबंद करणारे कन्व्हर्टर आले, २००९ पासून झेडएफचे आठ गिअरचे आले, आणि तो मुद्दाही जवळपास निकालात निघाला.

आपल्याकडे हीच गोष्ट थोडक्यात परत घडली. १९९८ मध्ये टाटांच्या पुण्यातल्या कारखान्यातून सफारी आली ती मॅन्युअल. २००९ मध्ये फॉर्च्युनर भारतात आली ती फक्त मॅन्युअल, ऑटोमॅटिक आला २०१२ मध्ये. २०१९ मध्ये हॅरिअर आली, लँड रोव्हरच्या सांगाड्यावरून बेतलेली, तीही आधी मॅन्युअलच. ऑटोमॅटिक पुढच्या वर्षी. बारा वर्षांचं अंतर तीनवर आलं, मग एकावर. आणि २००८ मध्ये टाटांनी विकत घेतलेल्या त्या लँड रोव्हरची रेंज रोव्हर, २०२४ पासून चक्क पुण्यात जोडली जायला लागली. ऑटोमॅटिकच, अर्थात.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मला जरा लाज वाटली. कारण आम्हीही सॉलिहलवाल्यांसारखंच करत होतो. अण्णांशी वाद घालताना आमच्या डोळ्यांसमोर होते ते वरंध घाटातले, खाकीतले अण्णा. गेल्या दिवाळीपासून त्यांचा डावा गुडघा गेलाय. जिना उतरताना आधी उजवा पाय, मग कठड्याला धरून डावा. हा तोच पाय, ज्याने एकतीस वर्षं क्लच दाबला. जुनी गाडी त्यांनी सहा महिन्यांत एकदाही बाहेर काढलेली नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "पार्किंग मिळत नाही." आम्ही ते मान्य करून टाकलं होतं.

काल शनिवारी टेस्ट ड्राइव्हला मुद्दाम ऑटोमॅटिक मागवली आणि किल्ली अण्णांच्या हातात दिली. पहिल्या दोन सिग्नलला त्यांचा डावा पाय रिकाम्या जागी दाबायला गेला. आम्ही कुणीच काही बोललो नाही. कात्रजच्या जुन्या घाटात चढ त्यांनी मुकाट्याने चढला. परत येताना उताराच्या तोंडाशी त्यांनी विचारलं, "हिला सेकंडला अडकवता येतं का?" शोरूमच्या मुलाने दांडा बाजूला सरकवून दाखवला. अण्णांनी सेकंड टाकला, इंजिनाचा आवाज चढला, गाडी जड झाली, आणि खालपर्यंत त्यांनी ब्रेकला जेमतेम चार वेळा पाय लावला.

खाली आल्यावर गाडी बाजूला घेतली, किल्ली मुलाला दिली आणि म्हणाले, "अडवते. बरी अडवते." मग उतरताना आधी उजवा पाय, मग दाराला धरून डावा.

सोमवारी बुकिंग करतोय. ऑटोमॅटिक. पावतीवर नाव अण्णांचं टाकायचं असं भावाने सुचवलंय, बघू ते हो म्हणतात का.