घरोघरच्या तसबिरी आणि गांवचा इतिहास
(नभोवाणीवरील भाषण)



इतिहास म्हटला कीं राजे, सेनापति, तह आणि लढाया हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. तसें होणें स्वाभाविक आहे. कारण शाळेंत आम्हीं मास्तरांनीं तोच इतिहास शिकविला आणि विद्यार्थ्यांनीं तोच पाठ केला. परंतु ज्या गांवांत आपण राहतों त्या गांवालाहि इतिहास असतो, आणि त्याचीं साधनें आपल्याच घरांतील ट्रंकांत, फडताळांत आणि माजघराच्या भिंतीवर असतात, याची जाणीव थोड्यांनाच असते. आज मी ज्या साधनाविषयीं बोलणार आहें तें म्हणजे जुने फोटो आणि ते हातांत घेऊन वृद्ध माणसें सांगतात त्या आठवणी. उदाहरणें पुणें जिल्ह्यांतील शिरूर आणि दौंड या दोन शेजारच्या तालुक्यांतील घेतों. कारण तो मुलूख माझ्या परिचयाचा आहे, आणि लहान गांवांविषयीं जें येथें खरें आहे तें बहुधा सर्वत्र खरें ठरेल.

शिरूरास आमच्याकडील लोक घोडनदी म्हणतात. पुण्याहून अहिल्यानगरास जाणाऱ्या हमरस्त्यावर घोड नदीच्या कांठीं तें वसलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें इंग्रजी फौजेची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ रोजीं रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी पुण्याच्या रोखानें निघाली ती येथूनच, आणि दुसऱ्या दिवशीं भीमेकांठीं कोरेगांवची लढाई झाली. पुढें १८४१ मध्यें अमेरिकन मराठी मिशननें शिरूरास आपलें ठाणें घातलें. दौंडचें भाग्य मात्र आगगाडीनें उघडलें. १८५८ सालीं पुण्याहून पूर्वेस दिक्सळपर्यंत लोहमार्ग झाला तो दौंडवरून; आणि १८७८ सालीं मनमाडकडे जाणारा मार्ग सुरू होतांच दौंडचें जंक्शन झालें. १९१४ मध्यें बारामतीस जाणारी अरुंद मापाची गाडीहि निघाली. आतां तो मार्ग रुंद मापाचा झाला आहे. एक गांव छावणीचें, दुसरें रुळांचें. दोहोंतहि परमुलखांतून आलेलीं माणसें राहिलीं, आणि पुष्कळशीं निघूनहि गेलीं.

गेलेल्या माणसांची स्मृति गांव कशी राखतें, याचे तीन नमुने या टापूंत पाहावयास मिळतात.

पहिला नमुना शिरूर येथील कर्नल विल्यम वॉलेस याच्या थडग्याचा. हा अधिकारी १८०३ मधील असईच्या लढाईंत होता, आणि १८०९ सालीं शिरूरास वारला. पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर १८८५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत नमूद आहे कीं, शिरूर आणि आसपासच्या गांवचे लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत आणि सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यापुढें ठेवीत. शंभर वर्षें लोटण्यापूर्वींच परका सेनाधिकारी गांवचें दैवत होऊन बसला! लोकांची श्रद्धा हंसण्यासारखी नाहीं. त्या माणसाच्या वागण्यांत कांहीं तरी चांगलें असल्यावांचून ती उपजली नसावी. परंतु तें चांगलें काय होतें, हें थडगें सांगत नाहीं. आठवण नुसती तोंडोतोंडीं चालली म्हणजे तिची आख्यायिका होते.

दुसरा नमुना कोरेगांवच्या जयस्तंभाचा. त्याच्या दगडावर पडलेल्या आणि जखमी झालेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांत महार शिपायांचीं नांवें पुष्कळ आहेत. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्या स्तंभास भेट दिली. आज त्या दिवशीं दरवर्षीं तेथें लाखों लोक जमतात. नांवें टिकलीं म्हणून शंभर वर्षांनंतर एका समाजाला आपले पूर्वज दगडावर वाचतां आले. नांवाचें मोल काय असतें, हें यावरून कळावें. मात्र त्या शिपायांचे चेहरे कसे होते हें जाणण्यास मार्ग नाहीं. कारण छायाचित्रणाची कला जगापुढें आली तीच मुळीं १८३९ मध्यें.

तिसरा नमुना फोटोंचा. ही कला मुंबईस लवकर पोहोंचली. १८५४ सालीं तेथें छायाचित्रकारांची संस्था निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते. लहान गांवांत मात्र फोटो उतरण्यास बरीच वर्षें लागलीं. तिवई, काळें कापड आणि कांचेच्या पट्ट्या घेऊन फोटोवाला येई. बसणाऱ्यानें श्वास रोखून निश्चल राहावें लागे. जुन्या फोटोंतील माणसें रागीट दिसतात तीं स्वभावानें तशीं होतीं असें समजूं नये. तीं केवळ हललीं नाहींत, एवढेंच.

दौंड तालुक्यांतील केडगांवचें उदाहरण पाहा. १८९६–९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली आणून येथें आश्रय दिला, आणि त्यांतून मुक्ति सदन वाढलें. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच निवर्तल्या. त्या काळच्या पुस्तकांतून या मुलींचीं चित्रें छापलेलीं आहेत. समूहांत रमाबाई असल्या तर आपण त्यांना तत्काळ ओळखतों. बाकीच्या मुलींचें काय? दुष्काळांतून वांचलेली, लिहावयास शिकलेली, विणकाम करणारी ती प्रत्येक मुलगी एक स्वतंत्र चरित्र होती. चेहरा आपल्यापुढें आहे. पण तिला हांक कोणत्या नांवानें मारावी, हें पाहणाऱ्याला ठाऊक नसतें.

एवंच, थडग्यानें भाव राखला पण माणूस हरवला. स्तंभानें नांव राखलें पण चेहरा नाहीं. फोटोनें चेहरा राखला पण नांव नाहीं. या तिहींना एकत्र आणणारी एकच वस्तु आहे, आणि ती म्हणजे जिवंत माणसाची आठवण.

ती आठवण काय करूं शकते हें मीं दौंडच्या रेल्वे-वसाहतींतील एका घरीं पाहिलें. वाफेच्या इंजिनापुढें घेतलेला तो समूह-फोटो होता. नभोवाणीवरून तो आपणांस दाखवितां येत नाहीं, म्हणून वर्णन करतों. खुर्च्यांवर अधिकारी, त्यांच्यामागें ड्रायव्हर, फायरमन आणि फिटर, आणि अगदीं कडेला, निम्मा चौकटीबाहेर गेलेला, अनवाणी पोरगा. घरच्यांना त्यांत आपल्या आजोबांपलीकडे कोणी माहीत नव्हतें. शेजारचे एक वृद्ध निवृत्त फायरमन आले. त्यांनीं चष्मा पुसून फोटो उजेडाकडे धरला. साहेबांचीं नांवें त्यांना आठवलीं नाहींत, पण त्या कडेच्या पोरावर बोट ठेवून ते म्हणाले, “हा आमचा कॉलबॉय.” मग त्यांनीं सांगितलें कीं, रात्रीं-अपरात्रीं कंदील आणि वही घेऊन तो क्वार्टरोक्वार्टरीं फिरे, ड्युटीवर जाणाऱ्यांना दार ठोकून उठवी आणि वहींत सही घेई, तो आला नाहीं तर गाडी सुटावयाची नाहीं. ज्याच्याकडे कोणाचेंहि लक्ष गेलें नव्हतें, तोच त्या फोटोंतील महत्त्वाचा मनुष्य ठरला. रुंद मार्गावरील वाफेचीं इंजिनें १९९५ पर्यंत देशांतून गेलीं. त्यांच्याबरोबर असे कित्येक धंदे गेले, आणि ते सांगणारेहि आतां मोजकेच उरले आहेत.

आठवण चुकतेहि, हें विसरूं नये. आणि तेव्हां फोटो तिला सुधारतो. शिरूरच्या बाजारपेठेंतील एका दुकानाचा फोटो घरचे लोक १९६५ सालचा म्हणून सांगत. फळ्यावर भाव आण्यांत लिहिलेला होता. दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ पासून सुरू झालीं. तेव्हां फोटो बहुधा त्यापूर्वींचा असला पाहिजे. मैलाचा दगड, विजेचा खांब, स्टेशनच्या पाटीवरील अक्षरें, स्टुडिओंतील रंगविलेला पडदा, या सर्वांची साक्ष काढावी. माणूस आणि कागद एकमेकांची उलटतपासणी करतात, तेव्हांच सत्य हातीं येतें.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. फोटोला पैसे पडत. म्हणून लग्नें, सत्कार आणि वाड्यांतील मंडळी यांचे फोटो सांपडतात. मजूर, कुळें आणि कष्टकरी बायका यांचे क्वचित्. दौंड–मनमाड मार्ग १८७६–७८ च्या दुष्काळाच्या वर्षांत बांधला गेला. सुमारे २३५ किलोमीटरच्या त्या मार्गावर पोटासाठीं माती वाहणाऱ्यांचीं नांवें कोणत्याहि दगडावर नाहींत. १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट तर आपल्या आटोक्यांतील आहे. खडी फोडणाऱ्या बायका, मुलांना मिळणारी सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो, हें सर्व पाहिलेलीं आणि भोगलेलीं माणसें अद्याप आपल्यांत आहेत. ज्यांच्या घरीं फोटो नाहीं त्यांच्याकडे आधीं जावें. कारण त्यांच्या आठवणीखेरीज दुसरें साधनच नाहीं.

यांत नवें असें कांहीं नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडले, घरोघरचीं दप्तरें त्यांनीं सोडविलीं, आणि १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तें याच दृष्टीनें. परंतु दप्तर आणि फोटो यांत एक मोठा भेद आहे. पत्रांत लिहिणाऱ्याचें नांव असतें, तिथि असते, मजकूर असतो. वाळवीनें खाल्लें नाहीं तर तें दोनशें वर्षें थांबूं शकतें. फोटो तसा थांबत नाहीं. त्याचा कागद टिकला तरी त्याचा अर्थ एका माणसाच्या आयुष्याएवढाच टिकतो. ओळखणारा गेला कीं फोटो मुका होतो.

परदेशांतील एक दाखला देतों. स्कॉटलंडांत एडिंबरोजवळ न्यूहेवन नांवाचा लहानसा कोळीवाडा होता. हिल आणि ॲडमसन या जोडीनें १८४३ पासून तीन-चार वर्षें तेथील लोकांचीं छायाचित्रें घेतलीं. एका चित्रांत एक कोळी आपल्या होडीला टेकून उभा आहे आणि होडीखालीं त्याचीं अनवाणी मुलें बसलीं आहेत. तो सँडी लिंटन, हें आज पावणेदोनशें वर्षांनंतरहि आपण सांगूं शकतों. कारण चित्राबरोबर नांवहि जपलें गेलें. घोड आणि भीमा यांच्या कांठच्या कोळ्याला तेवढा मान कां मिळूं नये?

करावयाचें काम अवघड नाहीं. फोटोच्या मागें मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावें. शाईचें पेन वापरूं नये, कारण तिचा डाग पुढें उमटतो. डावीकडून उजवीकडे नांवें, गांव, प्रसंग, अदमासें साल, आणि ही माहिती कोणीं दिली, एवढें पुरे. कांचेला चिकटलेला फोटो ओढून काढूं नये. चिकटपट्टी लावूं नये. ऊन आणि ओल यांपासून तो दूर ठेवावा. प्रत्येकाच्या खिशांत आज मोबाईल आहे. त्यानें नक्कल घ्यावी आणि मूळ फोटो ज्याचा त्याला लगेच परत द्यावा, म्हणजे लोक विश्वासानें पेटी उघडतील. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे टिपावे. टोपणनांव सांगितलें तर टोपणनांव लिहावें. आणि दोघांचें मत भिन्न पडलें तर दोन्ही मतें लिहावीं. शाळेच्या मुलांना सुटीचा अभ्यास म्हणून हें काम दिलें तर तीं तें आनंदानें करतात, आणि आजी-आजोबांजवळ बसण्यास त्यांना निमित्तहि मिळतें.

शिरूरच्या एका घरांत सतरा माणसांचा एक फोटो आहे. त्यांतील सर्वांना ओळखणारी एकच वृद्ध स्त्री त्या घरांत होती. दिवाळींत तिला विचारूं, असें ठरलें होतें. ती पावसाळ्यांतच गेली. फोटो सुरेख आहे, स्वच्छ आहे, भिंतीवर आहे. आणि त्यांतील सतराजण आतां कोणाचेच नाहींत. आपल्या घरीं असा फोटो असेल, आणि त्याला ओळखणारें माणूस आज पलीकडच्या खोलींत बसलेलें असेल, तर दिवाळीची वाट पाहूं नका. हें भाषण संपतांच पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसा.