कुलासो, आर्मांदो आग्नेलो

कुलासो, आर्मांदो आग्नेलो : विख्यात गोमंतकीय फुटबॉल प्रशिक्षक. पणजीच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबचा संघ त्यांनी सु. २००० पासून २०१३ पर्यंत सांभाळला. चार-दोन पराभव होताच प्रशिक्षकाला निरोप देण्याची रीत भारतीय क्लबांत रूढ असताना हा कालखंड असामान्यच म्हटला पाहिजे. त्यांच्या यशाचे मूळ पुष्कळ अंशी या सातत्यात आहे.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली, तेव्हा देशातील क्लब-फुटबॉलवर कोलकात्याच्या मोहन बागान व ईस्ट बंगाल या संघांचा वरचष्मा होता. धेंपोने ही लीग २००४-०५ मध्ये प्रथम जिंकली. त्या मोसमावर एका मृत्यूची छाया होती. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल करणारा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनिअर गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला व मरण पावला. त्याचा दहा क्रमांक क्लबने पुढे कोणाला दिला नाही. खचलेल्या संघाला कुलासो यांनी सावरले आणि त्याच मोसमात अजिंक्यपद मिळविले. पाठोपाठ २००६-०७ ची लीग व तिच्या जागी आलेली आय-लीग २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ मध्ये धेंपोने जिंकली. २००८ मध्ये आशियाई महासंघाच्या ए. एफ. सी. चषक स्पर्धेत संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स हा गोमंतकीय खेळाडूंचा गाभा त्यांनी वर्षानुवर्षे टिकविला आणि आघाडीस नायजेरियाचा रँटी मार्टिन्स व ब्राझीलचा बेतो यांची जोड दिली. गोव्यात फुटबॉल हा गावोगावचा खेळ. तेथील प्रेक्षक स्वतःलाही थोडाफार प्रशिक्षकच समजतो. अशा लोकांत कुलासो यांना मिळालेली मान्यता म्हणूनच विशेष मोलाची.

राष्ट्रीय संघाची धुरा मात्र त्यांच्याकडे अल्पकाळच राहिली. युगोस्लाव्हियाचे चिरिक मिलोव्हन (१९८४ चा आशियाई चषक) यांच्यापासून इंग्लंडचे बॉब हॉटन यांच्यापर्यंत परदेशी प्रशिक्षकांवर महासंघाची भिस्त वारंवार राहिली. हॉटन गेल्यावर २०११ मध्ये कुलासो यांची नेमणूक झाली. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध अल् ऐन येथे दोन खेळाडू बाहेर काढले गेल्यावर भारत ०-३ असा हरला. दिल्लीतील परतीचा सामना २-२ बरोबरीत सुटला. त्याच वर्षी ते पदावरून दूर झाले. अवघ्या काही महिन्यांवरून त्यांची पारख करणे न्याय्य नव्हे.

धेंपो सोडल्यावर नोव्हेंबर २०१३ पासून २०१५ च्या आरंभापर्यंत ते ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते. इकडे २०१४-१५ मध्ये धेंपोची आय-लीगमधून पदावनती झाली आणि २०१६ मध्ये धेंपोसह गोव्यातील तीन क्लबांनी त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. कुलासो यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार जीवनगौरव विभागात मिळाला (प्रदान जानेवारी २०२५).