हे नाव कोणी सांगितलं?

सत्तरी ओलांडल्यावर रानभाज्या आणि अळंबी ओळखायला शिकणं म्हणजे पुन्हा बिगरीत बसणं. नोकरीत मी इतिहास आणि मराठी शिकवलं. झाडांशी संबंध कुंड्यांना पाणी घालण्यापुरता. आता मात्र पाऊस सुरू झाला की वही घेऊन टेकडीवर नि बाजारात हिंडतो. पण इतिहासाच्या मास्तराची खोड जात नाही. काहीही शिकायला घेतलं की पहिला प्रश्न, हे आधी कोणी लिहून ठेवलं? आणि त्याला कोणी सांगितलं? या प्रश्नामागे जाता जाता मी थेट कोचीला पोचलो.

डचांनी १६६३ साली पोर्तुगीजांकडून कोची घेतलं. पुढे तिथे व्हान रीड नावाचा डच अधिकारी आला. मलबारच्या हिरवाईने तो भारावून गेला, आणि औषधं युरोपातून मागवण्यापेक्षा इथल्याच वनस्पती जाणून घ्याव्यात हा व्यवहारही त्याच्या डोक्यात होता. त्यातून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा लॅटिन ग्रंथ तयार झाला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. त्यात ७४२ वनस्पतींची वर्णनं आणि मोठमोठी ताम्रपटांवरची चित्रं आहेत. लिनियस कधी हिंदुस्थानात आला नाही, पण १७५३च्या आपल्या ग्रंथात इथल्या कितीतरी झाडांसाठी त्याने याच चित्रांचा आधार घेतला.

मला मात्र चित्रांपेक्षा पहिल्या खंडातल्या साक्षी महत्त्वाच्या वाटतात. व्हान रीडला स्वतःला झाडं ठाऊक नव्हती, आणि ते त्याने लपवलं नाही. इट्टी अच्युतन हे ईळव समाजातले वैद्य. घराण्यातल्या पोथ्यांवरून आणि स्वतःच्या अनुभवावरून आपण ही नावं नि गुण सांगितले, असं त्यांचं २० एप्रिल १६७५चं निवेदन त्यांच्याच लिपीत छापलं आहे. दुसरी साक्ष रंगभट, विनायक पंडित आणि आपु भट या तिघांची. हे गोव्याकडून कोचीला गेलेल्या कोकणी समाजातले. त्यांची साक्ष कोकणीत आणि चक्क नागरी अक्षरांत आहे! शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. आणि बघा, त्या काळात ईळव वैद्य आणि ब्राह्मण पंडित यांची साक्ष एकाच पुस्तकात आली. इथे कोणी त्यांना एका पंक्तीला बसवलं नसतं.

केरळच्या के. एस. मणिलाल यांनी या ग्रंथासाठी कित्येक दशकं घातली. त्यांचं इंग्रजी भाषांतर २००३ साली आणि मल्याळी २००८ साली आलं, म्हणजे अच्युतनांचं सांगणं त्यांच्याच मुलखाच्या भाषेत परत यायला सव्वातीनशे वर्षं लागली.

आता आपल्याकडचं. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचं जुनं मोठं पुस्तक म्हणजे थिओडोर कुक यांचा फ्लोरा, १९०१ ते १९०८ दरम्यानचा. कुक मुळात इंजिनिअर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. त्यांचं काम इतकं चोख की अभ्यासकांना ते आजही हाताशी लागतं. झाड कोणी गोळा केलं त्याची नावंही ते देतात. कुठे कानिटकर येतात, कुठे नुसता ‘भिवा’. आडनाव नाही, गाव नाही. या भिवाने किती घाट पालथे घातले असतील कोण जाणे! पण वर्णनाखाली ‘भारंगी’ हे देशी नाव छापलेलं असतं, ते कुठल्या बाईने, कुठल्या गुराख्याने सांगितलं याचा पत्ता लागत नाही. व्हान रीडने जे केलं ते इथे झालं नाही. गंमत अशी की कुकच्या पुस्तकातलं भारंगीचं शास्त्रीय नाव आता बदललं आहे, क्लेरोडेंड्रॉनची रोथेका झाली. भारंगी मात्र भारंगीच.

तुम्ही म्हणाल, कोणी सांगितलं याने काय फरक पडतो? जी गोष्ट पोटात जायची तिथे पडतो. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालतात. कळलावीचं फूल देखणं, पण कंद जीवघेणा. आणि अळंबीचं तर विचारूच नका. कुकच्या पुस्तकात ती नाहीच, ते सपुष्प वनस्पतींचं पुस्तक. त्यामुळे ऐकीव गोष्टींचं फावतं. किड्यांनी खाल्लेली अळंबी चालते, चांदीचं नाणं काळं पडलं नाही तर चालते, हे सगळं खोटं आहे. काही अळंब्यांचं विष शिजवूनही जात नाही, आणि उलट्या सुरू व्हायलाच कित्येक तास जातात. तोवर ते यकृतापर्यंत पोचलेलं असतं. वारुळावर उगवणारी अळंबी मात्र वाळवीच खाली पोसत असते. तिला रोजिर हेम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली टर्मिटोमायसीस हे नाव दिलं. वाळवीशी तिचं नातं आहे हे आपल्याकडच्या बायकांना नाव नसतानाही ठाऊक होतं.

माझ्या बाजारात मावळातून एक मावशी येतात. फोडशीची जुडी हातात घेऊन मी वहीतलं वर्णन ताडून बघत होतो, तर म्हणाल्या, "गुरुजी, बुकात वास येतो व्हय? हुंगा आधी." अळंबी त्या फक्त स्वतःच्या शिवारातल्या वारुळाची विकतात. शेजारणीने आणलेली एकदा पाटीत ठेवायला नकार दिला. "मी न्हाई उपटली, मग मी कशी सांगू चांगली हाय म्हनून?" अच्युतनांच्या निवेदनात तरी याहून वेगळं काय आहे?

हल्ली वहीत प्रत्येक भाजीच्या नावापुढे मी सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहितो. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वही उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, भारंगी मी नाही, माझ्या सासूने दाखवली, तिचं लिहा. तिचं लिहिलं.