हिंगोलीचा डोंगरपट्टा: धान्याचा दुष्काळ पाण्याचा कसा झाला?

१/ हिंगोली जिल्ह्यात वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या सरासरीहून अधिक. तरीही सेनगाव, औंढा, कळमनुरीकडील डोंगरी गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. याचे उत्तर आकाशात कमी आणि इतिहासात अधिक सापडते.

२/ दख्खनचे जुने दुष्काळ धान्याचे होते. १३९६ मध्ये सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेनुसार बारा वर्षे टिकला. पुढे १६३०-३२, १८७६-७८, १८९९-१९००. पेरणी बुडाली की बैलांच्या पाठीवरून धान्य येईपर्यंत गावे ओस पडत. पिण्याच्या पाण्याची भिस्त झरे, आड आणि बारवांवर असे. औंढा नागनाथची सासू-सुनेची बारव त्याच परंपरेतली.

३/ मग १९७२. (हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा १ मे १९९९ चा.) मिलो ज्वारीची लाल भाकरी, सुकडी आणि खडी फोडणारे हात, ही त्या पिढीची आठवण. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला तो याच अनुभवातून. वडीलधारी माणसे आजही सांगतात, ‘तेव्हा खायला नव्हते, पण विहीर खोल केली की पाणी लागत होते.’

४/ ते पाणी नेमके कुठे होते? येथील काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत साठते. उतारावर माती पातळ, त्यामुळे पावसाचे पाणी थेट कयाधूकडे धावते. खाली साठा अल्प, भरतोही संथ. विजेचे पंप आणि बोअर आले तसा हा साठा वेगाने उपसला गेला. एकाची बोअर खोल गेली की शेजाऱ्याची विहीर आटते, हे गावोगाव ठाऊक आहे.

५/ दुसरा बदल पिकाचा. ज्वारी दाण्याबरोबर कडबा देई. तिची जागा सोयाबीनने घेतली. त्याला भाव मिळतो, पण त्याचे कुटार कडब्याची जागा घेत नाही. म्हणजे पाऊस हुकला की आता माणसाआधी गोठा रिकामा होतो. रेशनच्या धान्यामुळे उपासमार टळली, हे मोठे यश मान्य करूनच हे म्हणतो.

६/ आणि धरणे? पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर. सिद्धेश्वर तर औंढा तालुक्यातच. पण कालवा उताराने चालतो, चढ चढत नाही. पाणी वसमतच्या सपाटीला मिळाले; तिथली हळद प्रसिद्ध झाली. डोंगरावरच्या गावांच्या वाट्याला १९७२ च्या मजुरांनी बांधलेले पाझर तलाव आणि नालाबांध आले. त्यांतल्या कित्येकांत आज पाण्यापेक्षा गाळच जास्त आहे.