शालेय ग्रंथालयांना डिजिटल साधनांची जोड

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आवश्यक आहे. तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांची तसेच गोष्टींची पुस्तके असावीत, असे त्यात नमूद आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांच्या ग्रंथालयांसाठी स्तरानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. एवढ्या रकमेत होणारी खरेदी मर्यादितच असते. शिवाय आलेले पुस्तक नोंदवहीत चढते आणि कुलूपबंद कपाटात जाते, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. असलेली पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती पडावीत आणि नसलेली उपलब्ध व्हावीत, या दोन्ही कामांत डिजिटल साधने उपयोगी ठरतात.

तालिकेचे संगणकीकरण

पहिले काम ग्रंथतालिकेचे. शासकीय ग्रंथालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली विकसित केली आहे. ‘कोहा’ ही मुक्त स्रोत प्रणाली न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ मध्ये तयार झाली आणि २००० च्या प्रारंभी वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. नावाप्रमाणेच ती विनामूल्य मिळते. मात्र ती बसवण्यासाठी व सांभाळण्यासाठी जाणकार व्यक्ती लागते. काही शेकडो पुस्तके असलेल्या शाळेचे काम साध्या स्प्रेडशीटवरही भागू शकते. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, विषय, कपाट आणि देवघेव एवढ्या नोंदी नेमकेपणाने ठेवल्या, तरी हवे ते पुस्तक क्षणात सापडते.

मराठी पुस्तकांच्या नोंदी करताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. पहिली, नोंदी युनिकोडमध्ये असाव्यात. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेली नोंद पडद्यावर देवनागरी दिसते, पण तो फाँट नसलेल्या संगणकावर ती निरर्थक चिन्हांत बदलते आणि शोधताही येत नाही. दुसरी, लेखकाच्या नावात एकवाक्यता हवी. एका पुस्तकावर ‘कुसुमाग्रज’ आणि दुसऱ्यावर ‘वि. वा. शिरवाडकर’ असे नाव असेल, तर दोन्ही नोंदी परस्परांशी जोडल्याशिवाय विद्यार्थ्याला अर्धीच पुस्तके दिसतात.

ऑनलाइन वाचनसाहित्य

पाठ्यपुस्तके व पूरक साहित्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे ‘ई-पाठशाला’ (२०१५) आणि ‘दीक्षा’ (२०१७) हे उपक्रम आहेत. खरगपूरच्या आयआयटीने विकसित केलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. विविध संस्थांकडील साहित्य तेथे एकाच ठिकाणी शोधता येते. मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली.

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा विनामूल्य मिळतात. मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर खुले आहेत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. हे मासिक १९७१ मध्ये सुरू झाले. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी कुटुंबांतील मुलांच्या दृष्टीने ही सोय विशेष मोलाची आहे, कारण तेथे मराठी बालसाहित्य सहजी मिळत नाही. दृष्टिहीन व मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ २०१६ मध्ये सुरू झाले. नोंदणी केलेल्या सदस्यांना तेथून वापरण्याजोग्या स्वरूपातील पुस्तके मिळतात.

हक्क आणि मर्यादा

इंटरनेटवर सापडलेले प्रत्येक पुस्तक उतरवून वाटता येत नाही. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले; त्यामुळे ‘श्यामची आई’ हे पुस्तक २०११ च्या प्रारंभापासून सर्वांसाठी खुले झाले. हयात लेखकांच्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती परवानगीवाचून विद्यार्थ्यांच्या गटांत पाठवणे मात्र स्वामित्वहक्काचा भंग ठरते. स्टोरीवीव्हरवरील कथा खुल्या परवान्याखाली असल्याने श्रेय देऊन त्या छापता व वाटता येतात.

जिथे इंटरनेट अखंड मिळत नाही, तिथे या परवान्याचे महत्त्व अधिक आहे. तालुक्याच्या ठिकाणी कथा एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर शाळेत नेता येतात किंवा कागदावर छापून वर्गात ठेवता येतात. घरी स्मार्टफोन नसलेला विद्यार्थी त्यामुळे मागे राहत नाही. सर्व व्यवहार केवळ ऑनलाइन ठेवल्यास ज्याला ग्रंथालयाची सर्वाधिक गरज आहे, तोच त्यापासून दूर पडण्याचा धोका असतो.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत ग्रंथांच्या जतनापेक्षा त्यांच्या उपयोगाला अग्रस्थान दिले. तोच निकष डिजिटल साधनांनाही लागू पडतो. संगणक पुस्तक कोठे आहे ते सांगतो; ते कोणत्या मुलाला आवडेल, हे ओळखण्यासाठी मुलांना जाणणारा ग्रंथपाल किंवा शिक्षकच लागतो. ग्रंथालयाची चावी त्याच्याकडे असावी आणि ग्रंथालय रोज उघडावे, ही या साऱ्या साधनांची पूर्वअट आहे.