अंबरनाथचे शिवमंदिर आणि परिसरातील देवस्थाने

ठाणे जिल्ह्यात कल्याणच्या आग्नेयेला अंबरनाथमध्ये, वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचे हे शिवालय उभे आहे. लोक त्याला अंबरेश्वर म्हणतात. ते पांडवांनी एका रात्रीत बांधले अशी कथा सांगतात आणि सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणूनही त्याची ओळख करून देतात. या दोन्ही ओळखींमुळे ज्यांनी ते बांधले ते उत्तर कोकणचे शिलाहार राजे मागे पडतात, आणि मंदिराचे खरे महत्त्वही झाकले जाते. उत्तरेकडच्या दरवाजाच्या तुळईवर आतील बाजूस सापडलेल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष आणि मामवाणी (मुम्मुणी) राजाचे नाव आहे; थोरला भाऊ छित्तराज याच्या नावाचाही त्यात उल्लेख आहे. काही अभ्यासकांनी हा आकडा पूर्वी ७८२ असा वाचला होता. पण छित्तराजाचा भांडुप ताम्रपट शके ९४८ चा असल्याने त्याच्या धाकट्या भावाला दोनशे वर्षे मागे नेता येत नाही. थोरल्याने काम सुरू केले आणि धाकट्याने ते पुरे केले, असाच लेखाचा अर्थ सामान्यतः लावला जातो.

‘हेमाडपंती’ या शब्दाची बाजू घेणारे म्हणतील की ते व्यक्तीचे नाव राहिलेले नाही. चुना न वापरता दगडावर दगड बसवून केलेल्या बांधकामाला महाराष्ट्रात तसेच म्हणतात. बोलीपुरते हे मान्य करता येईल. मात्र ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो हेमाद्री देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता, तेराव्या शतकातला. हे मंदिर त्याच्या दोनशे वर्षे आधीचे, म्हणून हा शब्द काळ सांगायला वापरला की चूक होते. शिवाय तो बांधणीची पद्धत सांगतो, मंदिराची घडण सांगत नाही. ही घडण भूमिज प्रकारची आहे. शिखराचा वरचा भाग आज नाही, तरी जे उरले आहे त्यात चारी बाजूंना खालून वर चढत जाणारे कोरीव पट्टे आणि त्यांच्यामध्ये ओळींनी रचलेली छोटी छोटी शिखरे स्पष्ट दिसतात. माळव्यात परमार उदयादित्याने बांधलेले उदयपूरचे उदयेश्वर मंदिर या शैलीचा नमुना मानले जाते, आणि ते अंबरनाथनंतर पुरे झाले; सिन्नरचे गोंदेश्वर तर त्याहून पुढचे. म्हणजे भूमिज मंदिरांपैकी सर्वांत जुन्या, निश्चित काळ ठाऊक असलेल्या उदाहरणांत कोकणातले हे एक आहे. हा मान केवळ ‘जुने देऊळ’ म्हणण्याने मिळत नाही.

पांडवांची कथा मात्र टाकाऊ नाही. पहाट झाली आणि काम अपुरे राहिले, असे ती सांगते. गर्भगृह मंडपाच्या पातळीखाली आहे. मंडपातून पायऱ्या उतरून पिंडीपाशी पोहोचले की डोक्यावर छत नसते, मोकळे आकाश दिसते. माणसांनी जे पाहिले त्याचा अर्थ कथेने लावला. काळ ठरवण्याचे काम शिलालेखाचे. श्रद्धेला यात धक्का लागत नाही, महाशिवरात्रीच्या जत्रेची गर्दीही कमी होत नाही.

कथा कथेच्या जागी आणि काळ पुराव्याने, हाच न्याय शेजारच्या गावांनाही लावायला हवा. उल्हासनगरची देवस्थाने प्राचीन नाहीत, आणि तसे भासवण्याची गरजही नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत राहिले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथली झुलेलाल या सिंधी दैवताची मंदिरे आणि चाळीस दिवसांचे चालिहो व्रत घर सोडून आलेल्या समाजाने नव्या मातीत रुजवली आहेत. त्यांचे मोल याच इतिहासात आहे. परिसरातल्या इतर देवस्थानांपैकी शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठल-रखुमाई आहेत. बदलापूरजवळचे कोंडेश्वर डोंगराच्या कुशीत, धबधब्याशेजारी आहे. पावसाळ्यात तिथे दर्शनापेक्षा पाण्याची ओढ जास्त असते, पण कुंडातले पाणी खोल आहे, जपूनच उतरावे.

अंबरनाथच्या मंदिराची झीज आता डोळ्यांना दिसते, आणि पायथ्याची वालधुनी कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्याने काळवंडली आहे. दगड वाचवायचा तर नदी वाचवावी लागेल. तोवर निदान माहितीफलकावर तरी ‘शिलाहारकालीन, भूमिज, इ. स. १०६०’ एवढे लिहावे.