जागलीवर ऐकलेलं विमान

आमच्या अड्याळात विमान आधी कानांनी आलं. माझ्या मित्राचे आबाजी सांगत, धान भरू लागलं की रानडुकरांपायी बांधीवर जागलीला जावं लागे, आणि मध्यरात्र कलली की उत्तरेच्या अंगाने घरघर येई. “टपालाचं इमान होय बाबू, कलकत्त्याले चाललं.” दिसला तर एखादा सरकता दिवा, एवढंच.

आबाजींचं खरं होतं. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्रीची टपाल विमानं नागपूरला सोनेगावात येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि माघारी जात. गावातल्या आणखी जुन्या माणसांकडे गोंदियाजवळच्या बिरसीची गोष्ट होती. इंग्रजांनी महायुद्धाच्या दिवसांत, १९४० साली, तिथे धावपट्टी बांधली. १९९९ मध्ये आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘आपली बिरसी’च राहिली.

या गोष्टी ऐकत वाढलेला माझा मित्र पुढे छोटी जेट उडवू लागला, याचं मला कधी नवल वाटलं नाही. नागपुरात शिकताना एनसीसीच्या हवाई शाखेत त्याने बाल्साच्या लाकडाची विमानं केली, दोन तारांच्या टोकाला गरगर फिरणारी. मग रेडिओवरची आली. टर्बाइन फार उशिरा, वर्षानुवर्षं पैसे साठवून. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी १९८० च्या दशकाअखेरीस घरच्या घरी छोटं टर्बाइन करून दाखवलं, आणि त्यातलं हवा दाबणारं चाक चक्क प्लायवूडचं होतं, हे त्याने वाचलं त्या संध्याकाळी तो धावतच माझ्या दारात आला. “लाकडाचं होय बे, लाकडाचं!”

त्याचं इंजिन पाण्याच्या बाटलीएवढं. रॉकेलमध्ये थोडं टर्बाइनचं तेल मिसळायचं, बारीक नळीतून बुडबुडे जाईपर्यंत थांबायचं. स्टार्टर कुरकुरला की मागची हवा थरथरू लागे, पलीकडचं पळसाचं झाड पाण्यात पाहिल्यासारखं हले आणि आवाज चढत चढत शिट्टीत जाई. मिनिटाला लाखावर फेरे. आकडे समोर पडद्यावर उमटत, पण तो पाठ फिरवून उभा राही आणि तळहात वर करून मला गप्प करी. बेअरिंग झिजलं की त्याला आधी कानांनी कळे.

आमच्याकडे सपाट जागेचं दुर्भिक्ष. बांध्या सपाट, पण दर काही पावलांवर धुरा. एका हिवाळ्यात उतरताना विमान आखूड पडलं, चाक धुऱ्यात अडकलं आणि नाक फाटून गेलं. वारा पडलाय, असं मीच ओरडून सांगितलं होतं. तो उकिडवा बसून लाखोरीतून एकेक तुकडा वेचत राहिला. बोटाएवढी चीपसुद्धा त्याने रुमालात बांधली. माझ्या त्या सांगण्याचा विषय त्याने पुढे कधीच काढला नाही. मला मात्र तो अजून सलतो.

शेवटच्या हिवाळ्यात तो अंगणात खाटेवर पडून असे. उशिरा रात्री वरून मोठी जेट जात. एकदा मी म्हटलं, “कलकत्त्याचं असेल.” त्याने डोळे उघडले नाहीत. गोधडीतून हात काढला, तळहात वर केला आणि आवाज पार विरेपर्यंत तसाच धरून ठेवला.